तटातलं भोक

आमचं गाव समुद्रावरच्या जुन्या किल्ल्यात वसलेलं आहे. आधी तिथे फौज होती, मग मिठाची कोठारं, मग तुरुंग. तुरुंगही हलला तेव्हा ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने तटाला पाठ लावून घर बांधलं. एक भिंत फुकट मिळायची. तिची अट मात्र होती. तट म्हणजे दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती. मातीत मुरलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून आतल्या अंगाला भोकं ठेवलेली. ज्याच्या घरात भोक येईल त्याने ते उघडं ठेवायचं आणि घरातून चर काढून पाणी गल्लीत सोडायचं. पावसाळ्यात बायका स्वयंपाकघरातला ओहोळ ओलांडून चुलीपाशी जात.

तटाची डागडुजी एकच गवंडी करी. लग्न केलं नाही, जन्म चुन्यात आणि थापीत गेला. गाव त्याला ‘तटाचा जावई’ म्हणे. तोही हसून म्हणायचा, “सासरा तोंड उघडत नाही, याहून सुख कोणतं?”

त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. पुढे ती विधवा झाली. तिच्या मुलाचं लग्न जमत आलं होतं. मुलीचे वडील ऐन पावसात घर बघायला आले आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या चरात घसरून सपशेल बसले. उठून म्हणाले, “माझी मुलगी नांदायला येणार, होडी वल्हवायला नाही.”

त्याच दिवशी बहिणीने भावाला गाठलं.

“भोक बुजव.”

“ताई, ते बुजवत नाहीत. पाणी आत तुंबतं.”

“एका भोकाने काय होतंय? शेजारी आहेत की चार.”

“ज्याने त्याने आपापल्या जागेचं पाणी काढायचं असतं.”

“तटाची माया आहे तुला, भाच्याची नाही. आजवर काही मागितलं का रे तुझ्याकडे?”

मागितलं नव्हतं. तिथेच तो अडला. त्याने भोकात दगड ठोकला, सिमेंट भरलं, वरून गिलावा केला. लग्न झालं. भोक आपोआप आटलं, असं बहीण सगळ्यांना सांगत राहिली.

दोन पावसाळे निभावले. तिसऱ्यात भिंतीला पोट सुटलं, पण फळ्यांवरच्या डब्यांमागे ते कुणाला दिसलं नाही. भरदुपारी तट आत कोसळला. मुलगा कामावर होता, सून बाहेर कपडे वाळत घालत होती. बहीण चुलीपाशी होती.

तिचं दिवसकार्य झाल्यावर गल्लीत एकच बोलणं सुरू झालं. पाण्यानेच तट पोखरला, तेव्हा भोकं बुजवून टाका. शेजारचा शिंपी तर सिमेंटची गोणी घेऊनही आला.

भाच्याने मामाला बाजूला घेतलं. “मामा, गप्प बसा. माझ्या बायकोला कळलं तर जन्मभर म्हणेल, माझ्यापायी सासू गेली.”

“आणि शिंप्याची पोरं?”

“बोललात तर माझ्या दारात यायचं नाही.”

गवंडी शिंप्याकडे गेला. “भोक मी बुजवलं होतं. म्हणून तट पडला.”

“दुःखाने डोकं फिरलंय तुमचं. बसा, पाणी प्या.”

मग त्याने ढिगाऱ्यातून तो दगड उकरून काढला. सिमेंट अजून त्याला चिकटलेलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “सख्ख्या बहिणीला गाडलंस की रे!” सून पुढे आली.

“माझ्यासाठी बुजवलंत?”

“नाही गं. ताईने सांगितलं म्हणून.”

महिन्याभरात भाचा आणि सून गाव सोडून गेली. कुठे गेली ते मामाला कळवलं नाही.

यंदाही शेजारच्या चारही घरांतून पाणी वाहिलं. पडलेला तट बांधायला गावाने बाहेरचा गवंडी आणला.