भरमू मैदानात का उतरला नाही

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. शुगर किती, कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाच्या लग्नाला मुद्दाम गेलो नाही — सगळं. हे एवढं सोडून. वस्तादांनाही हे कधी कळलं नाही, आणि न कळताच ते गेले. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला उद्या सकाळी तालमीत बघायचं नाही.

मी व्यवस्थित माणूस आहे, असं गावात म्हणतात. मिरजेजवळच्या आमच्या गावची तालीम मीच सांभाळतो. कुणाचं वजन किती, कुठल्या जत्रेला कुणाला न्यायचं, गाडी कुणाची, टॉवेल कुणी घ्यायचे — यादी करतो, भिंतीवर लावतो, कामं होतात. हेही तसंच क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. आधी हे, मग ते. जमेल का? बघू.

तर आधी भरमू.

भरमू पाटील माझ्याच वयाचा. जैनाघरचा; दूध, तूप, बदाम आणि मळ्यातलं काम एवढ्यावर पोसलेला. आमच्या तालमीत त्याच्यासारखा पैलवान दुसरा झाला नाही. बाहेरगावचे नावाजलेले पैलवान आमच्याकडे जोर करायला — म्हणजे सरावाची कुस्ती खेळायला — यायचे आणि भरमू त्यांना लीलया खाली घ्यायचा. पाहुण्याची पाठ मात्र मातीला लावायचा नाही. तिथवर न्यायचा आणि सोडायचा. मग स्वतःच त्याच्या अंगावरची माती झाडायचा. असा माणूस उभ्या आयुष्यात मैदानात उतरला तो एकदाच.

लोक अजून विचारतात. मध्यंतरी शेजारच्या गावचा एक तरणा पैलवान आला होता. भरमूनं त्याला सगळ्यांदेखत दोनदा उचलून ठेवला, तेव्हा तो दम खात म्हणाला, "आवं भरमूआण्णा, एवढी ताकद हाय तर मैदानात का दावत न्हाई? नुसती म्हशीला दावताय व्हय?"

"म्हस तरी कुठं भितीया रं," भरमू म्हणाला.

सगळे हसले. तोही हसला. मी भिंतीवरच्या यादीकडे बघत होतो — वाचत नव्हतो, बघत होतो.

ते एकदाचं मैदान आटपाडीकडचं. आम्ही दोघं ऐन तारुण्यात होतो. वस्तादांच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेत झालेलं, त्यामुळे ते नव्हते. माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघंच गेलो. खिशात फोन असायचा तो काळ नव्हे. तिथं काय घडलं ते आमच्या गावातल्यांपैकी फक्त मी पाहिलं. मला त्या दिवशी जोड मिळाला नाही, म्हणजे माझ्या वजनाचा कुणी समोर उभा राहिला नाही. भरमूची कुस्ती लागली, साताऱ्याकडच्या एका पैलवानाशी.

चांगली लढला? चांगली म्हणजे — मी त्याच्याशी रोज जोर करायचो, तरी मला त्या दिवशी कळलं की तो तालमीत आमच्याशी हात राखून खेळतो. सातारकर सारखा कडेला सरकत होता. भरमूनं त्याला उचलला, आणि पडता पडता त्यानं भरमूला मिठी मारून बरोबर ओढला. हौद्याच्या — म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या — कडेला लाकडी ओंडका होता. भरमूचं डोकं त्यावर आपटलं. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. हलगी थांबली. मी त्याला कडुलिंबाखाली आणून बसवला, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला.

तेवढ्यात समोरच्या पैलवानाचे वस्ताद मला शोधत आले. "ह्यो पोरगा कुणाचा?" म्हणाले. "आमच्या साताऱ्याच्या तालमीत धाडा त्येला. वरीसभरात लय मोटं नाव हुतंय का न्हाई बघा."

मी म्हणालो, सांगतो त्याला.

परत आलो. भरमू टॉवेल धरून बसला होता. मला बघून म्हणाला, "दिन्या, माजी कुस्ती कवा लागायची?"

मला आधी कळेना. मग कळलं — त्याला काहीच आठवत नव्हतं. उचललेला सातारकर नाही, ओंडका नाही, काही नाही.

"झाली की," मी म्हणालो.

"झाली? मंग काय झालं?"

इथं मला थांबावंसं वाटतंय. उठून पाणी पिऊन यावं, पोरांच्या खुराकाचा हिशेब करावा. इतकी वर्षं मी तेच केलं आहे — इथवर आलो की दुसरं काम काढलं आहे. आज नाही काढत.

मी म्हणालो, "पळालास रं तू."

मस्करी होती, असं म्हणता येईल. नव्हती. "सलामी झाली आनि हौद्यातनं बाहीर पळालास. कडंला पाय अडकून पडलास, त्येच्यात डोस्क्याला लागलं." एवढं सगळं मी एका दमात रचलं. आधी ठरवलं नव्हतं, तरी कुठं अडलो नाही. का? तो साताऱ्याला गेला असता तर मी जोर कुणाशी केला असता? पावसाळ्यानंतर माझी मोठी मैदानं होती. आणि दुसरं — तो माझ्यापेक्षा भारी आहे, हे तोवर फक्त तालमीच्या चार भिंतींना माहीत होतं. उद्या सगळ्यांना कळलं असतं. ही कारणं आहेत. कारण म्हणजे सबब नव्हे, एवढं मला कळतं.

पण हेही अजून सगळं नाही.

डोक्याला असा मार बसला की माणूस सांगितलेलंही विसरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वाटेत चहाला थांबलो. भरमूनं बशीतला चहा तसाच ठेवला आणि विचारलं, "दिन्या, माजी कुस्ती कशी झाली रं?" जसं काही पहिल्यांदाच. मी परत सांगितलं. त्याचं तोंड परत तसंच उतरलं. पुढे पेट्रोल भरताना त्यानं पुन्हा विचारलं. मोटरसायकलवर मागं बसून, माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी पाटी कोरी होती. प्रत्येक वेळी मला खरं सांगता आलं असतं आणि आधीचं खोटं कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं — अगदी त्याच्याही. आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगितलं. एकदा बोलून गेलो असतो तर कदाचित जिभेवर ढकललं असतं. पण मी त्या संध्याकाळी ते त्याच्या डोक्यात टिकेपर्यंत सांगत राहिलो. गाव आलं तेव्हा तो विचारायचा थांबला. तेव्हा मला कळलं, टिकलं.

आमच्या तालमीत एक रीत आहे. हरून आलेल्या पैलवानासमोर त्या कुस्तीचं नाव काढायचं नाही. वस्तादांनी घालून दिलेली, चांगली रीत. मी वस्तादांना एवढंच म्हणालो, "भरमूला त्या मैदानाचं काय इचारू नका." ते समजले — म्हणजे त्यांना वाटलं, समजले. कुणीच विचारलं नाही. मायेनं विचारलं नाही. त्या मायेच्या आडोशाला माझं खोटं इतकी वर्षं सुखानं राहिलं.

साताऱ्याहून पुढे निरोप आला. मी कळवलं, त्यानं कुस्ती सोडली. तसं सोडलीच होती ना? वस्तादांनी त्याला कितीदा मैदानाचं सुचवलं, तो मान खाली घालून म्हणायचा, "मी दिन्याला जोर देतो की." दिले. पहाटेच्या अंधारात मळ्यातली मोटर चालू करून यायचा आणि मला जोर द्यायचा. माझ्या डोक्याला जे फेटे बांधले गेले, ते त्याच्या अंगावर शिकलेल्या डावांचे आहेत. मी जिंकून आलो की सगळ्यात आधी तो मला खांद्यावर घ्यायचा. वरून गाव दिसायचं, तो दिसायचा नाही.

आता तालमीत मॅट आहे, मुलीही येतात. मुलं भरमूला आण्णा म्हणतात. कुणी पहिल्या मैदानाला घाबरलं की तो त्याला बाजूला घेऊन बसतो आणि स्वतःची गोष्ट सांगतो. माझी गोष्ट, खरं तर. "भ्या वाटतंय तर वाटू दे," म्हणतो. "पाय तेवढं जाग्यावर ठिव. माजं ऱ्हायलं न्हाईत, बाळ. मी पळालो हुतो." लाज सोडून सांगतो, पोरांचं भलं व्हावं म्हणून. पोरं ऐकतात. खरंच त्यांची भीती जाते. मी शेजारी उभा असतो. या वाक्याला मान हलवणारा साक्षीदार मीच — दुसरा कोण आहे?

गेल्या महिन्यात एका मुलीला त्यानं असंच सांगितलं. ती हसत मॅटवर गेली. तो माझ्याजवळ आला. मी टॉवेलच्या घड्या घालत होतो.

"दिन्या, एक इचारू?"

"इचार की."

"पळताना मी मागं बघितलं हुतं का रं?"

या वयात. म्हणजे तो अजून तिथंच आहे. अजून त्या पळणाऱ्या पोराच्या अंगात एखादा चांगला क्षण सापडतो का, म्हणून चाचपतो आहे. मागं वळून बघितलं असेल तर परतायचं मनात तरी आलं असेल — एवढंच त्याला हवं होतं. खरं सांगायची ताकद नव्हती, तर निदान खोट्यातला एवढा तुकडा त्याला देता आला नसता का?

"न्हाई," मी म्हणालो.

कारण आधी जे सांगत आलो त्यात मागं बघणं नव्हतं. मी व्यवस्थित माणूस. आधीच्याला नंतरचं जुळलं पाहिजे.

"वाटलंच मला," तो म्हणाला आणि पोरांना जोर द्यायला मॅटवर गेला.

जे झालं ते असं. ओंडक्यावर आपटल्यावर भरमू उठला. त्याची नजर कुठंच नव्हती. तरी दोन्ही हात पुढं करून, पाय रोवून तो उभा राहिला — समोर कुणी नसताना. सातारकर तिकडे पाणी पीत होता. पंच भरमूला आवरायला गेले तर त्यानं पंचांचीच कंबर धरली. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले, मग गप्प झाले. मी जाऊन त्याचा हात धरला, तर तो झटकून म्हणाला, "सोड. अजून पाठ लागल्याली न्हाई कुनाची." पळणं राहिलं बाजूला, त्याला हौद्यातून बाहेर काढायला चौघं लागलो. त्यातला एक मी होतो.