पांढऱ्या सॉसमध्ये सोलं

माझे सासरे आमच्या मुलुंडच्या घरी यायचे ते हटकून सोमवारी नाहीतर गुरुवारी. त्या दिवशी ते मासे खात नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला. वरणभात पुढे केला तर म्हणायचे, उपास आहे. पाणीसुद्धा पिशवीतल्या स्वतःच्या बाटलीतलं. ते मालवणकडचे, मी जालन्याकडच्या बौद्ध घरातला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या घरचा घास त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता, आणि का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला राग यायचा. त्याहून जास्त, जाम वाईट वाटायचं.

मग त्यांचे दात गेले. कवळीचं माप द्यायला दवाखान्याने बुधवारची वेळ दिली, आणि दवाखाना आमच्याच गल्लीत. बुधवार, म्हणजे मच्छीचा वार! मी ऑफिसात रजा टाकली. बायको म्हणाली, "नको रे एवढं करूस. ते खाणार नाहीत, आणि मग तुझं तोंड मला बघवत नाही." पण मी ऐकतोय कसला.

बोळक्या तोंडाला चालेल असा मासा म्हणजे बिनकाट्याचा जिताडा. कालवण करायची माझी हिंमत नव्हती, मालवणी माणसापुढे ती स्वतःहून ओढवून घेतलेली फजिती. त्यापेक्षा मोबाइलवर बघितलेला मलईदार सॉस बरा, त्यात त्यांना खोड काढता येणार नाही. फ्लॉवर, बटाटा, कांदा लोण्यात परतला, दुधात शिजवला, मिक्सरला फिरवला, वर मलई ओतली, मिरपूड टाकली. चव घेतली आणि ओट्यापुढे एकटाच नाचलो. झकास झालं होतं यार. मग आच मंद करून माशाचे तुकडे अलगद आत सोडले.

माप देऊन सासरे आले, बाहेर खुर्चीत बसले, बाटली शेजारी ठेवली. थोड्या वेळाने वासाने त्यांना राहवेना, ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दाराच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माशाक सोलां नाय?"

सोलं म्हणजे आमसुलं. मी म्हटलं, यात नसतात. हे काही त्यांना सहन झालं नाही. तरातरा आत आले, मला कोपराने बाजूला सारलं, लेकीची बरणी बरोबर शोधली आणि मूठभर सोलं पातेल्यात टाकून ढवळलीसुद्धा. त्यांची सगळी हयात नारळाच्या रसात गेलेली. तिथे सोलांनी काही बिघडत नाही, इथे होतं दूध. बघता बघता सॉस फाटला. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे, आणि हळूहळू सगळं गुलाबी व्हायला लागलं.

बायको धावत आली, तिने पातेल्यात बघितलं आणि हसत हसत खाली फरशीवरच बसली. मलाही आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासरे हातात पळी घेऊन उभे, कान लालबुंद. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, जाऊ द्या, टाकून देऊ.

"मासो टाकूचो नाय," ते म्हणाले. "मी बिघडवलंय, मीच खातलंय."

रॅकमधलं ताट त्यांनी स्वतः काढलं आणि टेबलाशी बसले. मी दोन तुकडे वाढले. बायकोचं हसू एकदम थांबलं. त्यांनी एक तुकडा बोटांनी मोडला, तोंडात घातला, हिरड्यांनी दाबला. मग दुसरा. भात मागितला, तो गुलाबी पाण्यात कालवला आणि मान खाली घालून जेवत राहिले. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना, म्हणून मी उगाच ओटा पुसत बसलो.

ताट माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "बघतस काय? वाढ. आणि फुडच्या बुधवारी नारळ आणून ठेव."

पुढच्या बुधवारी त्यांचं दवाखान्यात काहीच काम नव्हतं.