मांडीवरची टोपली

मंडईत काल माझ्या पुढेच एक व्हीलचेअर येऊन थांबली. खुर्चीत सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या आणि मागे त्यांना सांभाळणारी बाई. भाजीवाल्याने आजींच्या डोक्यावरून तिला विचारलं, "आजींना काय देऊ?"

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली. आजींनी भेंडीकडे बोट दाखवलं, तशी टोपली उचलून तिने त्यांच्या मांडीवर ठेवली.

आजींचा उजवा हात लुळा होता. डाव्या हाताने त्या एकेक भेंडी घेत, अंगठ्याने टोक मोडून बघत. कट्कन मोडली तर बाजूला ठेवायची, नुसती वाकली तर परत टोपलीत टाकायची. मागे गर्दी वाढली. माझेही हात शिवशिवले. पटापट निवडून द्यावी, असं वाटलं. ती बाई मात्र हाताची घडी घालून निवांत उभी. मदतीला धावणं सोपं असतं हो, हात आवरून उभं राहणं कठीण. जपण्याच्या नादात आपण माणसाची निवडच काढून घेतो, आपल्या आवडीची भाजी त्याला वाढतो आणि वर त्यालाच माया म्हणतो.

शेवटी भाजीवाल्याचा धीर सुटला. "ओ आजी, सगळी भेंडी मोडून ठेवणार का?"

"जून माल ठेवू नये मग!" आजी ठसक्यात म्हणाल्या.

मघाशी डोक्यावरून बोलणारा तो आता त्यांच्याशी भांडत होता, कुठल्याही गिऱ्हाइकाशी भांडावं तसा. आजींनी खुशीत पदर सावरला आणि भाव करायला घेतला.