खुर्चीवर ठेवलेली पर्स

गेल्या शनिवारी संध्याकाळी मकाऊमध्ये एक भलतीच गंमत झाली. म्हणजे आता गंमत म्हणतेय... तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती.

आम्ही तिघी टोकियोतल्या ओजिमाच्या मैत्रिणी. मी, शिल्पा आणि मुग्धा. मुलं नवऱ्यांच्या ताब्यात देऊन वीकेंडला कॅसिनोचं शहर बघून यायचं, हा बेत अर्थात माझा. तिकिटं काढणं, हॉटेल शोधणं, सगळ्यांना वेळेवर एअरपोर्टवर हाकणं हे माझं खातं आहे आणि त्यात मी चोख आहे.

मुग्धा आधी यायला तयारच नव्हती. सोमवारी तिच्या इराचा प्राथमिक शाळेचा निरोप समारंभ होता आणि इथे जपानमध्ये त्याचा थाट घरच्या कार्यासारखा असतो. आईने यायचंच, असं इराने तिला जपानीत बजावून ठेवलं होतं. मीच इराला शब्द दिला... रविवारी रात्री तुझी आई घरात असेल, ही माझी जबाबदारी.

मकाऊ म्हणजे नुसता झगमगाट. छताला खोटं आकाश, त्यात खोटे ढग. शिल्पा एका मशीनसमोर बसली ती उठेचना. मी पत्त्यांच्या टेबलाशी जरा वेळ उभी राहिले आणि दिवाळीतल्या रमीवर इथे निभाव लागायचा नाही, हे ओळखून बाजूला झाले.

मग भूक लागली म्हणून फूड कोर्टमध्ये गेलो. तुफान गर्दी होती. एक टेबल रिकामं दिसलं, मी झटकन माझी पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिघी जेवण आणायला रांगेत जाऊन उभ्या राहिलो.

जपानमध्ये राहणाऱ्यांना यात काहीच वावगं वाटणार नाही. इथे जागा अशीच धरतात. टेबलावर मोबाईल, लॅपटॉप ठेवून माणसं खुशाल काउंटरवर जातात आणि परत येईपर्यंत कुणी त्याकडे ढुंकून बघत नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या हाडात मुरलंय.

पर्समध्ये तिघींचे पासपोर्ट होते... कारण कागदपत्रं सांभाळण्याचं खातंही माझंच.

ट्रे घेऊन परत आलो तर त्या टेबलावर एक कुटुंब आरामात नूडल्स खात बसलं होतं. पर्स नव्हती. खुर्चीखाली नव्हती, टेबलाखाली नव्हती, त्यांना विचारलं तर त्यांनी मान हलवली.

मी धावत सिक्युरिटीच्या माणसाकडे गेले आणि धडाधड जपानीत बोलायला लागले. तो बिचारा बघतच राहिला. शिल्पाने मला हलवलं तेव्हा कुठे मी इंग्लिशवर आले. त्याने वॉकी-टॉकीवर कुणाला तरी काही सांगितलं आणि थांबायला लावलं. आम्ही कसल्या थांबतोय... सगळा हॉल पालथा घातला, पुन्हा जपानीतच लोकांची माफी मागत मागत.

मुग्धा माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शनिवारची रात्र, सगळ्या कचेऱ्या बंद आणि पासपोर्टशिवाय विमानात कोण बसू देणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिने एका खांबाला टेकून नवऱ्याला फोन लावला.

"अरे, मी नाही पोचत बहुतेक सोमवारी... इराला कसं सांगू?" एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात खांबाच्या पलीकडून एक काकू उठून आल्या. पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, अंगाभोवती शाल आणि गळ्यात टूर कंपनीचं कार्ड. त्यांनी मुग्धाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मराठी हाईसा व्हय? मग मघापासनं त्या भाषेत काय बोलत फिरताय?" असं म्हणून त्यांनी शाल बाजूला केली. आत, छातीशी घट्ट धरलेली माझी पर्स.

मला तर त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. पण काकू पक्क्या होत्या. आधी पासपोर्ट उघडून फोटो माझ्या तोंडाशी धरला आणि बराच वेळ ताडून बघितला. "फोटोत बारीक हाईस," म्हणाल्या आणि मग पर्स हातात दिली.

खुर्चीवर बेवारस पर्स दिसली तशी त्यांनी उचलली होती. उघडून बघितलं तर भारतीय पासपोर्ट... कोणा अनोळखी माणसाच्या हाती द्यायला धीर होईना, म्हणून शालीखाली लपवून तिथेच बसल्या. आम्ही दोनदा त्यांच्यासमोरून गेलो होतो. पण फोटोतल्या आणि मेकअप केलेल्या आम्ही काही एक वाटलो नाही, त्यात जपानीत बोलणाऱ्या.

मी सारवासारव केली, की आमच्याकडे जपानमध्ये अशी पर्स ठेवली तर कुणी हात लावत नाही.

"हे जपान न्हवं," काकू म्हणाल्या. "आन् घरदार असलेल्या बाईनं एवढं निर्धास्त ऱ्हाऊ नये बाई."

परदेशात आल्यापासून मला इतक्या हक्काने कुणी रागावलं नव्हतं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

नाव विचारावं तोवर त्यांचे यजमान घाईघाईने आले. त्यांच्याकडून कळलं की बाकी सगळा ग्रुप तळ्यावरच्या कारंज्यांचा शो बघायला गेला होता. काकूंनी गाईडला सांगून टाकलं होतं, पर्सवाली येईपर्यंत मी जागची हलणार नाही. शो संपला होता आणि बस निघायच्या बेतात होती. कोल्हापूरहून एवढ्या लांब येऊन त्यांनी ती कारंजी बघितलीच नाहीत. मी तोंड उघडेपर्यंत दोघं गर्दीत दिसेनासे झाले.

सोमवारी मुग्धाने शाळेच्या हॉलमधून फोटो पाठवला. इराच्या हातात सर्टिफिकेट होतं आणि ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. मी ऑफिसमध्ये होते, स्क्रीनसमोर बसून डोळे पुसले.

म्हणून ही पोस्ट. कोल्हापूरकरांनो, तुमची कुणाची काकू, मामी, शेजारीण नुकतीच मकाऊच्या टूरला जाऊन आली असेल आणि कारंजी राहिली म्हणून हळहळत असेल, तर तिला एवढा निरोप द्या... तो फोटो इराच्या आईने काढलाय.