फिलूआंटी बटण दाबत नाही

व्हॅलेरियन कोरिया हे नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सोडलं तर कुठेच चालत नाही. कांदिवलीच्या आमच्या गावठाणात तो वाल्या. आम्ही दोघं अंधेरीतल्या एका रमीच्या ॲपमध्ये कामाला होतो. हरणाऱ्या माणसाला आपण जिंकतच आलोय असं वाटावं म्हणून पत्ते चमकवायचे, हे वाल्याचं काम. ते नीट चमकतात की नाही हे बघायचं, हे माझं. सरकारने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि कंपनीने एका दुपारी सगळ्यांच्या हातात नारळ दिला. मी जेवण पोचवणाऱ्या ॲपमध्ये चिकटलो. वाल्याने जाहीर केलं, की तो येशूचा गेम बनवणार. वाल्याचा वाल्मीकी इतक्या झटपट झालेला मी तरी ऐकला नव्हता.

"कोण खेळणार रे?" मी विचारलं.

"गोष्ट आहे ना यार, प्रीतम. खेळणारा पेत्र होणार. जाळं टाकणार, येशूच्या मागे जाणार, घाबरणार, चुकणार. प्रत्येक वेळी काय करायचं ते त्याने ठरवायचं. नाहीतर मग पिक्चरच बघा ना!"

पेत्र म्हणजे येशूचा पट्टशिष्य, धंद्याने कोळी. त्याचा आवाज मी द्यायचा असं ठरलं, कारण मी फुकट होतो. त्यामुळे या गेममध्ये गालीलचा कोळी किंचित मालवणी हेल काढून बोलतो.

एकट्याने गेम बनवणं म्हणजे नवरा आपण, भटजी आपण आणि पंगतीला वाढपीही आपणच. यरुशलेम बांधायची ऐपत नव्हती म्हणून वाल्याने इंटरनेटवरून फुकटातला किल्ला उतरवला. त्याच्या एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन निघालं. येशू मूळचा कुठल्यातरी लढाईच्या गेममधला योद्धा, त्यामुळे डोंगरावर प्रवचन देताना मधूनच त्याचा हात कमरेच्या तलवारीकडे जाई. पाच हजारांना जेवू घालायचा चमत्कार होता, पण चाळीस माणसं जमली की फोन तव्यासारखा तापायचा. शेवटी वाल्याने धुकं सोडलं आणि बाकीचे धुक्यात बसलेत असं ठरवून टाकलं. चुका शोधून लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'येशू पाण्यात बुडतो. पेत्र चालतो. शेळीही चालते.' एवढं पापी लिखाण माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. येशूला वाल्याने वर काढला, पण शेळी काही केल्या बुडेना.

मदतीला कोणी नाही. चर्चमधले म्हणायचे, गेमने पोरं बिघडतात. गेमवाले म्हणायचे, देवाधर्माचं नको बाबा, कोणाच्या तरी भावना दुखावतील. पाठीशी उभी होती ती एकटी त्याची आई, फिलूआंटी. ती गेमबद्दल काही बोलायची नाही, फक्त वाल्याच्या कीबोर्डशेजारी ताट आणून आदळायची.

आता सगळं अडलं कुठे, ते सांगतो. येशूला पकडून आत नेलंय आणि पेत्र बाहेर अंगणात शेकोटीजवळ बसलाय. लोक त्याला तीनदा विचारतात, तू त्याच्याबरोबरचा ना? तो तिन्ही वेळा सांगतो, मी त्याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो आणि पेत्राला रडू फुटतं. वाल्याचा सगळा जीव या एका प्रसंगात होता. माइकसमोर मी पन्नास प्रकारे नाकारून बघितलं, तरी त्याचं समाधान होईना.

"घाबरू नकोस रे. सहज बोल. माणूस नाकारतो ना, तेव्हा सहजच नाकारतो."

कोंबडा मात्र अस्सल होता, फिलूआंटीचा लाल्या. त्याचं आरवणं वाल्याने अंगणात रेकॉर्ड केलं. मग ईस्टर आला आणि आंटीने लाल्याला बॉटल मसाल्यात घातला. गरम फुगियांबरोबर, म्हणजे तळलेल्या गोल पावांबरोबर, मीही खाल्ला, झकास झाला होता.

मे महिन्यात संध्याकाळी गावठाणातल्या क्रुसाजवळ प्रार्थना असते, लदीन म्हणतात तिला. माळ होते, गाणी होतात, नंतर उकडलेले चणे वाटतात. आयते लोक जमलेत म्हणून वाल्याने तिथेच गेम सगळ्यांना खेळायला दिला. अंगणाच्या प्रसंगात दोन बटणं होती, 'होय, मी त्याचा' आणि 'मी त्याला ओळखत नाही'. होय म्हटलं की शिपाई भाले घेऊन अंगावर येतात आणि पुन्हा तोच प्रश्न. घाबरून कधीतरी माणूस नाही म्हणेल, असा वाल्याचा हिशोब.

एकानेही नाही म्हटलं नाही! म्हाताऱ्यांनी नाही, पोरांनी नाही. पाहुणे म्हणून आलेल्या फादरांनीही मागे उभ्या बायकांकडे एकदा बघितलं आणि 'होय' दाबलं. फिलूआंटी तर चण्यांचा द्रोण मांडीत घेऊन हट्टालाच पेटली. शिपाई येतायत, भाले रोखतायत, आंटी होय दाबतेय.

"मम्मी, नाही म्हण ना. त्याशिवाय कोंबडा आरवणार नाही, गोष्ट पुढे जाणार नाही."

"नको जाऊ दे. जेजूला ओळखत नाही म्हणू? मी नाय दाबणार."

"मग येशूचं पुढचं काहीच होणार नाही. तो क्रुसावर जाणारच नाही!"

"मग बरंच की! कशाला मारायचा त्या गरिबाला?"

यावर दोन हजार वर्षांत कोणाला उत्तर सुचलं नसेल, वाल्याला काय सुचणार? मी त्याला बाजूला घेऊन झापलं. "साल्या, लोकांना क्रुसाखाली बसवून विचारतोस, अख्ख्या गावासमोर? कोण नाही म्हणेल?" नाकारणं आपोआप दाखवावं, तर मग पिक्चरच झाला. काढून टाकावं, तर गेममध्ये उरलं काय? त्याची पार वाट लागली होती.

अशात अंधेरीच्या एका कंपनीने बोलावलं. गेम आवडला तर बाजारात आणायची जबाबदारी त्यांची. वाल्याच्या सोबतीला मी गेलो. तिथला अनिरुद्ध नावाचा साहेब फोनवर खेळत होता. तुळशीवृंदावनही त्याला खटकलं नाही.

"हा धार्मिक आहे का?" त्याने विचारलं.

"छे छे, हिस्टॉरिकल ॲडव्हेंचर," वाल्या म्हणाला.

"पण हा दाढीवाला येशूच ना?"

"तसा नाही... एक गुरू आहे, सर. नाव काय, बदलता येतं."

"बरं. तू स्वतः चर्च-बिर्चवाला नाहीस ना? मागाहून कटकट नको."

"मी?" वाल्या हसला. "नावालाच, सर. त्या लोकांशी माझी ओळखसुद्धा नाही."

मला पन्नास वेळा जमलं नव्हतं, ते त्याला एका दमात जमलं. इतकं सहज, की मला त्याची लाज वाटली, रागही आला आणि कीवही आली. अनिरुद्ध म्हणाला, दाढी राहू दे, नाव बदल आणि पाठव.

रस्त्यावर आल्यावर वाल्या थांबला. कोंबडा काही आरवला नाही. तो आमच्याच पोटात गेला होता.

"तीनदा ना रे?" त्याने विचारलं.

"तीनदा," मी म्हणालो.

घरी फिलूआंटी बोंबील साफ करत होती. वाल्याने तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हातातली सुरी फेकून मारते.

"कोणी मारायला उठलं होतं तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"एसी होता, मम्मी. कॉफी दिली होती."

आंटीने हात धुतले, पदराला पुसले आणि माझा फोन मागितला. अंगणाच्या प्रसंगापर्यंत ती स्वतःच गेली.

"मला वाटायचं, जेजूला ओळखत नाही असं कोण सांगेल," ती म्हणाली. "माझाच सांगेल, हे नव्हतं ठाऊक."

आणि तिने दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. स्वयंपाकघरात कोंबडा आरवला.

"आपला लाल्या," आंटी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग फोनमधून पेत्र रडायला लागला. माझाच आवाज, पण मला ऐकवेना.

"आता बटण दाबलंस की क्रूस मागे पडतो आणि येशू त्याला परत भेटतो ती सकाळ होते," वाल्या कसाबसा म्हणाला.

"थांब. रडू दे त्याला जरा."

वाल्या दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. आत मी रडत होतो, बाहेर तो बोलत होता. "सर, मी व्हॅलेरियन. तुम्ही मघाशी विचारलंत ना... हो, येशूच तो. नाही सर, नाव नाही बदलणार. ओळखतो मी त्याला. चांगला ओळखतो."

तो आत आला.

"काय म्हणाला?" आंटीने विचारलं.

"काही नाही. फोन ठेवला."

"बरं," असं म्हणून आंटीने बटण दाबलं. सकाळ झाली. गालीलचा समुद्र दिसायला लागला आणि पाण्यावरून ती शेळी अजून चालत होती.