आयुधपूजेचा ओव्हन

लागोपाठ तिसऱ्या आयुधपूजेला आमच्या ओव्हनने घराची वीज घालवली. म्हैसुरात त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. मी स्कूटर, मिक्सर, ओव्हन पुसतो, कुंकू लावतो आणि प्रत्येक यंत्र एकदा तरी चालवतो. एरवी ओव्हन म्हणजे पापडाच्या डब्यांचं कपाट. पण बटण दाबलं की मेन ट्रिप! पहिल्या वर्षी मी प्लग बदलला, दुसऱ्या वर्षी वायर. दोन्ही वेळा वैतागून डबे परत आत ठेवले.

यंदा निवृत्त होऊन चार महिने झाले होते. येरझारा घालून फरशी झिजायची तेवढी बाकी होती. ओव्हनचं मागचं झाकणच उघडून बसलो. बिघाड सापडेना, आणि झाकण पुन्हा बसेना.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली आणि तिने इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने मीटर लावून पाहिलं. "सर, हा वापरता कधी?"

"दर आयुधपूजेला! एकही वर्ष चुकवलं नाही," मी तडकून म्हणालो.

तो हसला. कॉइल काढून त्याने गरम हवेवर सुकवली, परत बसवली. ओव्हन निमूट तापू लागला.

"बिघाड काहीच नाही," तो बायकोला म्हणाला. "नुसता बसून राहिला की ओल धरतो, मग घरभर त्रास. रोज थोडं काम द्या."

"देते की," बायको म्हणाली. ती ओव्हनकडे बघतच नव्हती.