आवाज न करणारी चेन

मी पहिला पाऊच शिवला तो काळ्या कापडाचा, आणि तिथेच पहिली चूक झाली.

औषधांच्या दुकानात पॅड्सचं पाकीट मागितलं की दुकानदार ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो. वारज्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात अजून तसंच चालतं. खोकल्याचं औषध साध्या पिशवीत, हे मात्र काळ्या पिशवीत. त्यामुळे काळी पिशवी हातात धरून चाललेल्या मुलीकडे बघून आत काय आहे हे रस्त्यावरच्या कोणालाही कळतं. हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी ऑफिसमध्ये न्यायला पाऊच शिवायचा म्हटल्यावर मी आईच्या जुन्या काळ्या परकराचं कापड उचललं. लपवायचं म्हणजे काळं, असं हातांनाच वाटलं असावं.

माझी गरज छोटी होती. ऑफिसमध्ये माझ्या खुर्चीपासून वॉशरूमपर्यंत जाताना तीन टीम्सच्या टेबलांमधून जावं लागतं. कुर्त्याला खिसे नसतात. आख्खी पर्स खांद्याला लावून निघालं तर ‘घरी चाललीस का?’ असं कोणीतरी विचारतंच. मला फक्त एवढंच हवं होतं की मी उठून चालू लागले तर कोणाचीही मान वर होऊ नये.

आमच्या घरी पाळीला ‘अडचण’ म्हणतात. शाळेत तो धडा इंग्रजीत झाला, तोही वर्गातल्या मुलांना मैदानावर पाठवून. दोन्ही भाषांत मी त्याबद्दल मोठ्याने बोलायला शिकलेच नाही.

शिवायलाही शिकले नव्हते. आईच्या मशीनवर मी त्या काळ्या पाऊचच्या चारही बाजू शिवल्या आणि मग कळलं की सुलटा करायला आतली चेन आधी अर्धी उघडी ठेवायची असते. बंद चेनचा एक उलटा डबा तयार झाला होता. आईने तो हातात घेऊन सगळीकडून पाहिला.

“छान आहे. आता यात शिरणार कशी?”

मग तिने एक बाजू उसवून दिली. दोन दिवसांनी त्याचा रनर चेनच्या टोकावरून निसटून माझ्या हातात आला. “टोकांना कापडाची पट्टी लावायची असते गं, रनर तिथे अडतो,” आई म्हणाली. “इंग्लिश मीडियममध्ये हे नसतं का?”

दुसरा पाऊच फुलाफुलांचा केला. तो इतका मेकअपचा वाटायचा की वॉशरूममध्ये शेजारच्या टीममधल्या मुलीने “काजळ आहे का?” म्हणत त्याला हातच घातला. मी तो छातीशी ओढून घेतला. तिला मी फार कंजूस वाटले असणार.

तिसऱ्या वेळी मी आधी विचार केला. ऑफिसमध्ये कोणती वस्तू कोणाच्याही हातात असली तरी बघावीशी वाटत नाही? चष्म्याचं कव्हर. जुनी जीन्स कापून लांबट, चपट्या आकाराचा पाऊच केला. आत फिकट पिवळं अस्तर लावलं, म्हणजे कमी उजेडातही आतलं दिसावं. दिसायला तो अगदी हवा तसा झाला. फक्त आवाज करायचा. धातूची चेन होती आणि आमचं वॉशरूम फार शांत असतं.

म्हणून शनिवार पेठेत शिवणाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेले. काउंटरवरचे काका पेपर वाचत होते.

“आवाज न करणारी चेन मिळेल का?”

“चोरी करायची आहे का?” पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले.

माझ्या मागे दोन बायका हसल्या.

“अहो, मग सांगा की नायलॉनची पाहिजे. धातूची वाजणारच. आणि दात्यांवरून मेणबत्ती फिरवा, लोण्यासारखी चालेल.” मीटरवर चेन मोजून कापली, रनर वेगळा काढून दिला. “अजून काही प्रश्न असले तर घरून लिहून आणत जा.”

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. रनरचं लोंबतं धातूचं टोक काढून तिथे कापडाची बारीक पट्टी शिवली. तसाच जीन्सचा चौथा पाऊच उघडला तेव्हा मलाच ऐकू आलं नाही. पुढचे काही महिने मी त्या टेबलांमधून जात होते आणि एकही मान वर होत नव्हती. मला त्या दिवसांत ऑफिसला जायला पहिल्यांदा बरं वाटलं.

ज्या मैत्रिणीबद्दल हे लिहिते आहे, ती मला त्याच वॉशरूममध्ये मिळाली.

ती नागपूरची. माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर, समोरच्या रांगेत बसायची, आणि तिचा आवाज लिफ्टपर्यंत पोचायचा. त्या दिवशी मी बेसिनपाशी होते. आतून तिचा आवाज आला, “बाहेर कोणी आहे का? अगं, माझ्याकडे नाही आहे, कोणाकडे असेल तर दे ना!” मी पाऊच उघडला आणि दाराखालून पॅड सरकवलं. बाहेर आल्यावर ती माझ्या हातातल्या जीन्सच्या तुकड्याकडे बघतच राहिली.

“यात होतं? मी तर रोज विचार करून राहिली होती, ही चष्मा तर लावत नाही, मग कव्हर घेऊन कुठे जाते?”

मला एवढं हसू आलं की मी तिथेच भिंतीला टेकले. कोणीतरी पाहिलं होतं, आणि तरी मला भीती वाटली नाही. हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

मी तिच्यासाठी एक शिवला. देताना म्हटलं, “कोणाला सांगू नकोस. सगळ्यांना कळलं तर त्याचा काही उपयोगच नाही.”

“आईशप्पथ,” ती म्हणाली. “माझ्या पोटात राहील.”

ती वारज्यातच पीजीमध्ये राहायची. आम्ही एकाच बसने येऊ लागलो. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येई, आईला ‘काकू, तुमच्या भाजीत तिखटच नाही ना’ म्हणे, आणि आई पुढच्या रविवारी मुद्दाम जास्त तिखट घाले. जेवण झालं की आम्ही मशीनपाशी बसायचो. ती शिवायची नाही, पण वापरून बारीक चुका काढायची. कोपऱ्यात बोटं जात नाहीत, म्हणून मी तळाचे कोपरे आडवे शिवून तो डबीसारखा उभा राहील असा केला. वापरलेलं परत आणायची वेळ आली तर काय, म्हणून आत रेनकोटच्या कापडाचा वेगळा कप्पा केला. त्यातून झालेला माझा नवा पाऊच आमचा दोघींचा होता, असं मी मनात धरून चालले होते.

त्यातला शेवटचा बदलही तिनेच सुचवला. मी तारखा फोनमध्ये ठेवत नाही. आम्ही ऑफिसात अ‍ॅपच बनवतो, त्यामुळे लोकांची माहिती कुठे कुठे फिरते ते मला दिसतं. मी एका जाड कागदाच्या तुकड्यावर तारखा लिहून, कोणत्या दिवशी किती दुखलं, कोणती गोळी घेतली हेही त्यापुढे लिहून तो पाऊचमध्ये टाकायची. दर वेळी तो चुरगळलेला निघायचा. “त्याच्यासाठी पारदर्शक खिसा कर ना,” ती म्हणाली, “उघडलं की दिसेल.” मी वहीच्या प्लास्टिक कव्हरचा तुकडा अस्तरावर शिवला. उघडलं की दिसायचं.

महिला दिनाला आमच्या मजल्यावर कार्यक्रम असतो. केक, गुलाब, मग ‘आपल्यातल्या कलागुणांचं’ सादरीकरण. त्या वर्षी ती समितीत होती. मी नेहमीसारखी मागच्या रांगेत बसले. तिने माईक घेतला आणि म्हणाली, “आता मी तुम्हाला एक अशी गोष्ट दाखवणार आहे जी आपल्या सगळ्यांच्या समोरून रोज जाते आणि आपल्याला दिसत नाही.”

मला तेव्हाच कळलं. उठून जावं असं वाटलं, पण उठलं की सगळे बघतील, म्हणून बसून राहिले.

पडद्यावर माझा पाऊच आला. तिचा नव्हे, माझाच. डाव्या कोपऱ्यात माझ्याकडून वाकडी झालेली टीप दिसत होती. माझ्या टेबलावर, माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून फोटो काढला होता. म्हणजे मी जागेवर नसताना तिने मी पाऊच ठेवते तो माझा ड्रॉवर उघडला होता. पुढचा फोटो आला: चेन पूर्ण उघडलेली, पिवळं अस्तर, दोन पॅड, गोळ्यांची पट्टी. आणि त्या प्लास्टिकच्या खिशात माझ्या अक्षरातल्या तारखा. पडदा मोठा होता. मागच्या रांगेतूनही वाचता येत होतं.

ती फार छान बोलली, हे मान्य करायला हवं. किती मुली संकोच करतात, काळ्या पिशव्या कशाला, आपण बदलायला हवं. “आणि हे डिझाइन आहे आपल्या सर्वांत शांत मुलीचं! उभी राहा गं!”

मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

संध्याकाळी बसस्टॉपवर ती माझ्या मागून पळत आली.

“अगं, थांब ना! किती जणी विचारून राहिल्या माहितीये? बारा जणींना पाहिजे. तू तर हिरो झाली आज.”

“तू माझा ड्रॉवर उघडलास.”

“माझा पीजीवर राहिला होता, म्हणून. सरप्राइज द्यायचं होतं तुला.”

“त्यात तारखा होत्या.”

तिच्या लक्षात आलंच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ते दिसलं नसतं तर मला सोपं गेलं असतं. “ते कोण वाचतं गं,” ती म्हणाली. “आणि वाचलं तर काय झालं? लपवायचं का आपण? तू लाजतेस म्हणूनच तर मी बोलली.”

“तू शपथ घेतली होतीस.”

“अगं, चांगल्या कामासाठी!” तिला खरंच वाईट वाटलं होतं, पण माझ्यासाठी नाही. तिच्या चांगल्या दिवसावर मी पाणी ओतते आहे, याचं. मी बसमध्ये चढले. ती माझ्या शेजारी बसली आणि वारज्यापर्यंत आम्ही दोघी आपापल्या फोनमध्ये बघत राहिलो.

घरी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरता चिरता तिने विचारलं, “पुरुषही होते तिथे?”

“हो. सगळेच.”

तिने विळी बाजूला केली, पदराला हात पुसले. “टीप तरी सरळ दिसत होती ना?” असं म्हणून तिने मला जवळ घेतलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

नंतर कोणी चिडवलं नाही. चिडवलं असतं तर निदान रागावता आलं असतं. आता मी तो जीन्सचा पाऊच घेऊन उठले की त्या टेबलांवरचे पुरुष सभ्यपणे नजर स्क्रीनकडे वळवायचे. एकामागोमाग एक, मी पुढे सरकेन तशी. पूर्वी कोणी बघत नव्हतं. आता सगळे न बघण्याची काळजी घेत होते.

पुढच्या महिन्यात मॅनेजरने मला खोलीत बोलावलं. भले गृहस्थ आहेत, मुलीचे वडील. टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाले, “ते सादरीकरण पाहून मला जाणवलं, आपण याचा विचारच करत नाही. पुढचा रिलीज ज्या आठवड्यात येतोय, त्यात तुला जरा... म्हणजे जड जाणार असेल, तर घरून काम कर. संकोच नको.” त्या तारखांवरून त्यांनी हिशेब केला होता. तो बरोबर होता. मी थँक यू सर म्हटलं.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही, हे मला कळतं. मैत्रीण जे बोलली ते चूक नव्हतं, आणि कदाचित त्या बारा जणींपैकी एखादीला ते ऐकून मोकळं वाटलं असेल. मी स्वतःही कधीतरी बोलले असते, एखाद्या मुलीशी, माझ्या आवाजात, मला जमेल तेवढंच. ते कधी आणि किती, एवढंच माझ्या हातात होतं आणि मी ते एकाच माणसाला विश्वासाने दाखवलं होतं.

बारा जणींसाठी मी कागदावर आकार काढून दिला, मापांसकट. पारदर्शक खिसा त्यात काढला नाही. माझा पाऊच मी घरी ठेवला आणि दोन रविवार खर्चून स्वतःसाठी वेगळं काहीतरी शिवलं. ते कसं दिसतं आणि कुठे असतं ते इथे लिहीत नाही.

परवा ती माझ्या टेबलापाशी आली. आम्ही अजून बोलतो, कामाचं, कँटीनच्या पोह्यांचं. मी कॉफी आणायला उठले होते. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा हातांकडे.

“तुझा पाऊच दिसत नाही आजकाल. नवीन काही शिवून राहिली का?”

आईच्या मशीनपाशी बसलेली ती मला आठवली, बोटं कोपऱ्यात घालून बघणारी. नवीन शिवणीत एक अडचण होती, आणि ती कशी सोडवायची ते तिला नेमकं सुचलं असतं.

“नाही गं,” मी म्हटलं, “काही नाही.”

तिने मान हलवली. तिला खरं वाटलं.